अपराजिता आणि पसाभर ज्वारी

सोमवारी सकाळी भाईदास शेठचा फोन आला, की केळी अजून पिवळी करा.

भाईदास शेठ धूलकोटचे. केळीचा माल बाहेर पाठवायचा, ठिबकचे पाइप आणि खतं विकायची, असा त्यांचा पसारा, आणि त्यांची वेबसाइट बनवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी शोभा. बुधवारा नावाच्या मोहल्ल्यात राहते, खिडकीशी लॅपटॉप आणि पाठीशी कूलर घेऊन बसते आणि ज्याला वेबसाइट किंवा ॲप हवं असेल त्याला ते करून देते. नोकरी नाही, साहेब नाही, त्यामुळे गल्लीच्या लेखी कामही नाही. आईच्या मैत्रिणी अजून तिला हळूच विचारतात, की शोभा काही करते का नुसतीच कॉम्प्युटरवर बसते.

"शेठ, तुमचा माल हिरवा जातो ना? ट्रक भरताना एक जरी पिवळं दिसलं तरी तुम्ही ओरडता," मी म्हटलं.

"हौ, पर मॅडम, लोक पिवळं पाहूनच फोन करतात ना. अन् ते केळं थोडं गोल फिरलं पाहिजे. मेरे साले की साइट पे ट्रॅक्टर घूमता है."

मला पटकन राग येतो. हा माझा स्वभाव आहे आणि त्यावर औषध नाही. पण शेठना काही बोलण्याआधीच दारात उषा उभी राहिली, आणि तिचा चेहरा पाहून मी फोन ठेवला.

उषाची ओळख करून द्यायची तर आमच्या चौघांचीच करून द्यावी लागेल. आम्ही शाळासोबती नाही, नातेवाईक नाही, शेजारी तर अपघातानेच. आम्ही एका बंद पडलेल्या मालिकेचे चाहते. 'धूमगढ के पहरेदार' नावाची एक हिंदी मालिका होती. किल्ला, राक्षस, पहारेकरी, आणि पुठ्ठ्याचे आहेत हे लांबून कळणारे डोंगर. तिची नायिका दरीवर दोराला लटकलेली असताना चॅनेलनं मालिका बंद केली आणि त्या वेळेला भजनं सुरू केली. मग देशभरातले आमच्यासारखे खुळे लोक इंटरनेटवर जमून त्या बाईचं पुढे काय झालं यावर भांडू लागले. त्यातल्या एकाशी मी कित्येक महिने कचाकचा भांडले, आणि एक दिवस कळलं की तो बुधवाऱ्यातच, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, सुताच्या दुकानात बसतो. तो कडू. उषा आणि निंबा त्याच भांडणातून सापडले.

चॅनेल पुढची गोष्ट सांगत नाही तर आपण खेळू, असं म्हणून कडूनं खेळ बनवला. पुठ्ठ्यावर रंगवलेला नकाशा, मागावर सूत गुंडाळायच्या जुन्या कांड्यांची प्यादी आणि वीस पैलूंचा एक फासा. प्रत्येकानं एक पहारेकरी घ्यायचा, त्याला नाव द्यायचं आणि तो काय करतो ते सांगायचं. ते त्याला जमलं की नाही हे फासा ठरवतो. कडू गोष्ट सांगतो, राक्षसांच्या बाजूनं बोलतो आणि फाशाचा शब्द राखतो. या शेवटच्या बाबतीत तो फार कडक आहे. त्याचा स्वतःचा आवडता पहारेकरी एकदा फाशानं मेला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं फासा दुसऱ्यांदा टाकला नाही. मध्यंतरी निंबाच्या हातून तो फासा निसटला, घरंगळत दुकानापुढच्या गटारीत गेला, आणि तेव्हापासून आम्ही मी बनवलेल्या ॲपवर फासा टाकत होतो.

तर उषा. ती एका शाळेत गणित शिकवते. तिचा नवरा विनायक तहसीलमध्ये आहे. उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळे ती सकाळी येण्यात नवल नव्हतं, पण ती कूलरपुढे न बसता पलंगाच्या कडेला बसली.

"शोभा, तुला एक सांगायचंय. हसायचं नाही."

"कबूल करत नाही. सांग."

"मला दिवस गेलेत."

मी उडी मारून उठले. तिनं हात धरून मला खाली बसवलं. विनायक आणि डॉक्टरीणबाई सोडून अजून कुणाला माहीत नव्हतं, कारण याआधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. हे मला ठाऊक होतं. दोन्ही वेळा मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते. जे ठाऊक नव्हतं ते तिनं आता सांगितलं.

"पहिल्या वेळी, त्याच आठवड्यात माझी तेजस्विनी साप चावून मेली. आठवतं ना? आणि दुसऱ्या वेळी विजयालक्ष्मी नदीत बुडाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात."

तेजस्विनी आणि विजयालक्ष्मी म्हणजे खेळातल्या तिच्या पहारेकरणी. उषाला भारदस्त नावं आवडतात.

"उषा, तू गणिताची बाई आहेस."

"मला माहीत आहे गं. दोन गोष्टी शेजारी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं नसतं, हे मी स्वतः वर्गात फळ्यावर लिहिते. सगळं कळतं मला. पण आता अपराजिता पुलावर आहे."

अपराजिता ही तिची तिसरी. मागच्या रविवारी वेळ संपली तेव्हा ती दोराच्या पुलाच्या मधोमध होती. त्या पुलाखाली कडूनं एक राक्षस बसवला होता. तो पुलावरच्या माणसाला नाव घेऊन हाक मारतो, मग फासा टाकायचा, आणि चार किंवा त्याहून कमी आलं की ज्याला हाक मारली त्याला तो खाली ओढतो. राक्षसाची अपराजिताला हाक मारून झाली होती. फासा तेवढा राहिला होता.

"मग या रविवारी येऊच नकोस," मी म्हटलं.

"नाही आले तर तिचा फासा तुमच्यापैकी कुणीतरी टाकणार. नियमच आहे. आणि आज भिऊन घरात बसले तर दिवाळीपर्यंत मी प्रत्येक गोष्टीला भीत बसेन. मला यायचंय. फक्त तिला मरू देऊ नकोस. ॲप तुझं आहे ना?"

तिच्यावर चिडावं असं मला वाटत होतं. एवढी शिकलेली बाई, आणि हे काय! पण उषा मला फार आवडते. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, कारण आमच्यात असलं काही बोलायची पद्धत नाही. मी नुसतं "बघते" म्हटलं.

एक ते चार हे आकडे कधी येऊच नयेत, एवढं करायला ॲपमध्ये दोन ओळी पुरतात. मी त्या मंगळवारी लिहिल्या. लिहिताना चोरी करतेय असं वाटलं आणि लिहून झाल्यावर मात्र फार बरं वाटलं. त्याच झपाट्यात शेठचं केळंही फिरवलं. शेठचा लगेच फोन, की केळं उलटं फिरतंय, देवाला प्रदक्षिणा आपण अशी घालतो का? मी ते सुलट केलं. मग ते म्हणाले की आता फार जोरात फिरतंय, बघणाऱ्याला चक्कर येईल.

बुधवारी फोटो काढायला धूलकोटला जायचं होतं. निंबालाही तिकडे काम निघालं, म्हणून आम्ही एकाच बसनं गेलो. निंबा तत्त्वज्ञानात एम.ए. आहे आणि केळी मंडीत एका आडत्याकडे कामाला आहे. दोन्हीकडे माणसं न दिसणाऱ्या गोष्टीवर बोली लावतात, असं त्याचं म्हणणं. त्याच्याशी बोलून आपलं मन हलकं करावं असं मला वाटलं, ही माझीच चूक.

"निंबा, समज फासा खोटा आहे, पण त्यानं एखाद्याचं भलं होतंय. आणि बाकीच्यांना ते माहीत नाही. तर त्यात वाईट काय?"

निंबा खिडकीपासून वळला. त्याचे डोळे चमकले. "भलं म्हणजे काय, पहिले ते ठरव."

पहिल्या फाट्यापर्यंत 'भलं' ठरत होतं. पुढे बराच वेळ 'खोटं' चाललं. शेजारी टोपलीत कोंबडी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्यानंही त्यात भाग घेतला आणि त्याचं मत निंबापेक्षा स्पष्ट होतं, की खोटं ते खोटं, पण बाईमाणसानं विचारलं तर सांगू नये. धूलकोट आलं तेव्हा 'माहीत असणं' हे शिल्लकच होतं.

"पर तू हे काहून विचारून राहिली?" उतरता उतरता निंबानं विचारलं.

"असंच. उदाहरण."

"अच्छा," म्हणून त्यानं खिशातून फोन काढला, आणि चहा घ्यावा की उसाचा रस हे ठरवायला माझ्याच ॲपवर फासा टाकला. सतरा आले. "रस," तो म्हणाला. "कालपासून मस्त आकडे येऊन राहिले यार."

 ॲप रविवारी आम्ही चौघं वापरतो एवढंच माझ्या डोक्यात होतं. निंबा ते दिवसभर वापरतो हे मी साफ विसरले होते. निर्णय घेणारा 'मी' असा आत कुणी नसतोच, त्यामुळे निर्णय फाशानं घेतला काय आणि आपण घेतला काय, सारखंच, हा त्याचा सिद्धांत. कुठल्या हॉटेलात जेवायचं, कोणता शर्ट घालायचा, मामाचा फोन उचलायचा की नाही, सगळं तो फाशाला विचारतो. मी तिथल्या तिथे त्या दोन ओळी काढायला हव्या होत्या. पण समोर भाईदास शेठ नवा शर्ट घालून, केसांना तेल लावून, केळीच्या घडाला खांदा देऊन उभे होते, आणि त्यांचा आग्रह होता की फोटोत घड पिवळा यावा. घड हिरवागार होता. दोन-तीन दिवसांत निंबाला काय कळणार, असं म्हणून मी फोटो काढायला लागले.

शुक्रवारी निंबा माझ्या घरी आला तो उजळून. त्यानं आदल्या दिवशी मंडीत बसून दिवसभर फासे टाकले होते. एकही एक नाही, दोन नाही, तीन-चार नाहीत.

"शोभा, मी आजपर्यंत मानत होतो की विश्वाला आपलं काही देणंघेणं नाही. पर मला वाटतंय, त्याचा थोडा ओढा आहे. चांगल्याकडे. फार नाही, थोडा. मी आईचा फोन चुकवायचं सोडून दिलं कालपासून. मामाचाबी उचलला."

तो इतका आनंदात होता की मला बोलवेना. "हे तू कुणाला सांगितलंस?" मी विचारलं.

"कडूला. पर तो म्हणाला, विश्व नाही, ॲप बिघडलंय."

थोड्या वेळानं कडूचा फोन आलाच. "शोभे, निंबा म्हणतो, एकचा आकडा येतच नाही. काय झालं ॲपला?"

"योगायोग असेल."

"असेल. पर एकदा शंका आली ना, मग फासा फासा राहत नाही. मी बघतो काय करायचं ते."

त्यानं काय केलं ते शनिवारी सकाळी अख्ख्या बुधवाऱ्यानं पाहिलं. कडूनं दुकानापुढच्या गटारीवरची फरशी काढली, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि काठी घेऊन आत उतरला. भोवती ही गर्दी. कुणी म्हणे अंगठी पडली, कुणी म्हणे फोन. फासा पडलाय हे कळल्यावर लोकांचा उत्साह मावळायला हवा होता, पण उलट वाढला. प्रत्येक जण कुठे खणावं ते सांगू लागला. समोरचे यादवकाका खुर्ची टाकून बसले आणि ओरडले, "कारे कडू, सोजरबाईनं तुले याच्यासाठीच घेतलं होतं का?"

सगळे हसले. कडूही हसला. ही इथली जुनी गंमत आहे. कडूच्या आधीची त्याच्या आईची, मालूमावशींची, दोन मुलं जगली नाहीत. तिसरा झाला तेव्हा मावशींनी रीतीप्रमाणे तो शेजारच्या सोजरबाईला विकला. किंमत पसाभर ज्वारी. नाव ठेवलं कडू. म्हणजे आधीच्या दोघांना जे न्यायला आलं होतं ते पुन्हा मालूबाईचं पोर शोधत आलं, तर तिच्या घरात तिचं पोर नाहीच, आणि जे आहे ते कुणालाही नकोसं वाटावं असं. पोर मोठं झालं की तेवढीच ज्वारी परत देऊन त्याला सोडवून आणायचं असतं. पण सोजरबाई मध्येच वारल्या आणि ज्वारी द्यायची राहून गेली, त्यामुळे कडू अजून सोजरबाईचाच, असं गल्लीत म्हणतात. "म्हणून तर जगलो," असं कडू म्हणतो.

दुपार व्हायच्या आत फासा निघाला. काळाकुट्ट, पण शाबूत. मी घरी येऊन उषाला फोन केला आणि सगळं सांगितलं. ॲप गेलं, खरा फासा आला, आणि हे सगळं माझ्या मूर्खपणामुळे. मी स्वतःवर इतकी चिडले होते की फोनवरच माझा आवाज चिरकला. 

"राहू दे," ती म्हणाली. "मी येते उद्या."

"उषा, मी कडूला सांगू का खरं काय ते?"

"नको. त्याला कळलं तर तो फासा दोनदा टाकू देईल आणि आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही. नको."

रविवारी दुकानामागच्या खोलीत नकाशा पसरला होता. शेजारचे माग चालू होते, त्यांची खटखट भिंतीतून येत होती. मधोमध, फिनेलनं धुतलेला आणि अजून गटारीसारखाच वास येणारा, फासा. कडू देवघरातली वस्तू ठेवावी तसा त्याच्याकडे बघत होता. निंबा जरा खट्टू होता, कारण त्याला विश्वाची खऱ्या फाशावरही परीक्षा घ्यायची होती आणि भीतीही वाटत होती. दोराच्या पुलावर निळ्या सुताचा धागा गुंडाळलेली एक कांडी उभी होती. ती अपराजिता.

मालूमावशी बशा घेऊन आल्या. शेव आणि पपईच्या फोडी. त्यांना आमच्या खेळात कधीच रस नव्हता. मोठी मोठी पोरं कांड्या घेऊन बसतात, याची त्यांना शेजाऱ्यांपुढे लाजच वाटायची. उषानं पपईची बशी हळूच माझ्याकडे सरकवली. मावशींनी ते पाहिलं आणि नेहमीसारखं आत न जाता उंबऱ्यावर बसल्या.

"चल उषा," कडू म्हणाला. "अपराजितापासून सुरू. पाच किंवा वर."

उषानं फासा उचलला.  माझी नजर तिच्या हातावरून हलत नव्हती, आणि मनात मी देवापासून भाईदास शेठपर्यंत सगळ्यांना हाका मारत होते.

"कमी आलं तर काय होईन रे?" मावशींनी विचारलं.

कडूनं चकित होऊन मागे पाहिलं. "तर राक्षस तिला नेईल, आई. त्यानं हाक मारलीये तिला."

"ही पहिलीच का वं तुझी?"

"तिसरी, मावशी," उषा म्हणाली. "आधीच्या दोघी गेल्या."

तिचा आवाज असा निघाला की निंबानंही मान वर केली. मावशींनी उषाकडे पाहिलं, मग माझ्यासमोरच्या दोन पपईच्या बशांकडे, मग त्या कांडीकडे.

"नाव काय म्हनली इचं?"

"अपराजिता."

"एवढं भारी नाव? राक्षसाले काय, बहिऱ्यालेबी आयकू जाईन. थांब पोरी, टाकू नको." मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्या परत आल्या तेव्हा त्यांची मूठ मिटलेली होती. "दे ती मले. विकत घेते."

कडूच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. त्या खोलीत बसून पोर विकत घ्यायचं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? "आई," तो कसाबसा म्हणाला, "खेळ आहे तो."

"तूबी खेळच होता का?" मावशी त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "हात कर वं."

उषानं हात पुढे केला. मावशींनी तिच्या पशात ज्वारी ओतली, अगदी काठोकाठ, एकही दाणा खाली न सांडू देता.

"म्हन, विकली."

"विकली," उषा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि एका हातात ज्वारी, दुसऱ्यात फासा, ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

"आता ही माझी. इचं नाव दगडी." मावशींनी निळा धागा ओढून काढला आणि उघडीबोडकी कांडी पुन्हा पुलावर ठेवली. "आन तो फासा. माझी पोर, मी टाकीन."

कोंबड्यांना दाणे फेकावेत तसा त्यांनी फासा फेकला. तो नकाशावरून धडपडत गेला, किल्ल्याला आपटला आणि थांबला.

दोन.

 भिंतीपलीकडे माग खटखटत राहिले. मी तोंड उघडलं. मी सगळं सांगून टाकणार होते, भांडणार होते, नकाशा उलटवणार होते. कडूनं हात वर करून मला थांबवलं. मग तो राक्षसाच्या आवाजात, ज्या आवाजाला आम्ही इतके दिवस हसत आलो होतो त्या आवाजात, म्हणाला, "अपराजिते!"

आणि गोष्ट सांगू लागला. "राक्षसानं हात वर काढला. त्यानं हाक अपराजिताला मारली होती, उषाच्या अपराजिताला. त्यानं पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. पुलावर अपराजिता नावाचं कुणी नव्हतं. उषाचं तर कुणीच नव्हतं. मालूबाईची दगडी तेवढी होती आणि तिला कुणी हाक मारली नव्हती. राक्षस रिकाम्या हातानं खाली गेला. दगडी पूल ओलांडून गेली."

त्याचा आवाज बसला होता. "नियम तोच आहे," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. "फाशावरपण दोनच आहेत. मी काही बदललं नाही."

"पर कांडी तर तीच आहे यार," निंबा म्हणाला. "नाव बदललं, मालक बदलला, म्हणून काय वस्तू..." तो कडूकडे बघत होता, मग त्यानं मावशींकडे पाहिलं, मग उषाच्या हातातल्या ज्वारीकडे. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच त्यानं वाद अर्धा सोडला. "बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "वस्तू बदलली."

मावशींनी दगडीला उचलून आत नेलं आणि देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी, उभं केलं. परत येऊन पपईच्या दोन्ही बशा उचलल्या आणि उषापुढे एक सोललेला आंबा ठेवला.

"दिवाळी झाली की येजो. हीच ज्वारी आनजो अन् आपली पोर घेऊन जाजो. तवलोक ती माझी आहे, मी पाहीन तिचं. तू काळजी करायची नाही. दुसऱ्याच्या पोराची काळजी तू काहून करशीन?"

बाळ दिवाळीच्या सुमारास येणार हे मावशींना कुणी सांगितलेलं नव्हतं. उषा हसत होती आणि रडत होती, आणि मीही, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

निघताना कडूनं मला दारात गाठलं. "शोभे, ते ॲपमधले एक ते चार?"

"उद्या परत येतील."

"येऊ दे," तो म्हणाला. का गेले होते ते त्यानं विचारलं नाही.

निंबानं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. "मतलब, तो विश्वाचा ओढा..."

"विश्वाचा नव्हता रे. माझा होता."

त्यानं थोडा विचार केला. "मग ठीक आहे. मामाचा फोन उचलत राहतो."

उषाला घरी सोडायला मी तिच्याबरोबर ऑटोत बसले. ज्वारीची मूठ तिनं मिटून मांडीवर धरली होती. रुमालात बांध म्हटलं तर ऐकेना. ऑटोवाला घाईत होता, खड्डे आणि गतिरोधक एकाच वेगानं पार करत होता.

"भैया, जरा धीरे चलाओ," उषा म्हणाली.

"क्यों मॅडम? काच का सामान है क्या?" त्यानं आरशातून मागे पाहिलं.

उषानं मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. मग दुसरा हात पोटावर ठेवला, सगळ्या आठवड्यात पहिल्यांदाच, कुणी बघतंय याची पर्वा न करता.

"नहीं भैया," ती म्हणाली, "किसी और का है. संभाल के पहुँचाना है."

ऑटोवाल्यानं वेग कमी केला.